गाणं गा, बाकीचं घरी ठेव?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर वाद पेटला. विषय काय, तर रिअ‍ॅलिटी शोमध्ये गाणाऱ्या मुलाने आपण गे आहोत हे उघड सांगावं का. काकांनी लिहिलं, गाणं चांगलं गा ना बाबा, बाकीचं घरी ठेव. लगेच सात-आठ अंगठे. इकडे न्यू जर्सीत रात्री ते वाचलं आणि झोपच उडाली, म्हणून लिहितेय.

काका, बाकीचं घरी ठेवतं कोण? आपल्याकडच्या शोमध्ये वडिलांची रिक्षा येते, आईने गहाण टाकलेले दागिने येतात, बायकोला सेटवर आणून तिच्याकडे बघून गायला लावतात, आणि आपण डोळे पुसत बघतो. मग घरी ठेव हे एकट्या त्याच पोराला का सांगायचं?

२००९ ला मी नवीन होते इथे, चौघी मैत्रिणी ताट मांडीवर घेऊन अमेरिकन आयडॉल हा गाण्याचा रिअ‍ॅलिटी शो बघायचो. सॅन डिएगोचा अ‍ॅडम लँबर्ट, डोळ्यात काजळ, काळी नेलपॉलिश, वरचा सूर असा लावायचा की हातातला घास हातातच राहायचा. मधेच त्याचे एका पुरुषाला किस करतानाचे फोटो नेटवर फिरले, त्याने नाकारले नाहीत. फायनलला क्रिस अ‍ॅलन जिंकला, हा दुसरा आला, आणि जूनमध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या मुलाखतीत त्याने आपण गे आहोत हे सरळ सांगून टाकलं.

तुम्ही म्हणाल, अमेरिका आहे, तिकडे चालतं. नाही हो चालत. फायनल २० मे ला झाली आणि २६ मे ला त्याच्याच कॅलिफोर्नियातल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नावरची बंदी कायम ठेवली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या स्टेजवर त्याने कीबोर्डवाल्याला किस केलं तर एबीसी चॅनेलने सकाळच्या शोमधलं त्याचं गाणंच रद्द केलं. मला स्वतःला तो परफॉर्मन्स भडक वाटला होता, पण मुलामुलींचा तसला भडकपणा टीव्हीवर तेव्हाही सर्रास चालायचाच की. देशभर लग्नाचा हक्क मिळायला २०१५ उजाडलं.

तरी २०१२ मध्ये त्याचा दुसरा अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत, थेट एक नंबरला गेला, उघडपणे गे असलेल्या पुरुष गायकाला हे पहिल्यांदाच जमलं. त्याच वर्षापासून तो क्वीन या ब्रिटिश रॉक बँडबरोबर अख्खे कॉन्सर्ट गातोय, म्हणजे त्यांचा मूळ गायक फ्रेडी मर्क्युरीच्या जागी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फारुख बल्साराच्या जागी. फ्रेडीने स्वतःबद्दल मोकळेपणी बोलणं टाळलंच, एड्स असल्याचं १९९१ मध्ये जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी गेला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मी अ‍ॅडम आणि क्वीनला ऐकलं. मोठ्या पडद्यावर फ्रेडी आला तेव्हा माझ्या शेजारी साठीचे दोघे पुरुष बसले होते, एकाने दुसऱ्याचा चष्मा काढला, आपल्या शर्टाला पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. आजूबाजूला कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याच महिन्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जाऊन पाच वर्षं झाली होती तरी.

काका, आपल्या ग्रुपवर कॉलेजातली सहा पोरं आहेत. त्यांच्यातलं कुणीच त्या दिवशी काही बोललं नाही, पण मेसेज सगळ्यांनी वाचलेला दिसतोय.