किल्ल्यातच मुक्काम कायले पाह्यजे?

काल संध्याकाळी पानठेल्यापुढच्या पारावर जे झालं ते लिहूनच काढतो, डोक्यातून जातच नाही.

मी दिवाळीनंतर जैसलमेरला जाऊन आलो, तर फोटो दाखवत होतो. 1156 साली रावल जैसलनं त्रिकूट टेकडीवर बांधलेला पिवळ्या दगडाचा किल्ला, 99 बुरूज, आणि आजही आत हजारो माणसं राहतात, गल्लीत गायी, ओट्यावर म्हाताऱ्या, जैन मंदिरं, सगळं चालू. तेवढ्यात गजू म्हणे, "मी पुढच्या महिन्यात चाललो, किल्ल्यातलंच हॉटेल बुक करतो."

मी म्हटलं नको करू. खाली गावात राह्य, दिवसभर वर फिर.

"काहून बे? तू तं वरच राह्यला होता."

राहिलो होतो, म्हणूनच सांगतो. बाथरूमच्या भिंतीचा खालचा दगड ओला होता, हात लावला तर भुगा हातात आला. किल्ला बांधला तेव्हा घागरभर पाण्यात घर चालायचं, बायका खालच्या गडीसर तलावावरून पाणी आणायच्या, वर्षाचा पाऊसच तिथं 200 मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडं एखाद्या झडीत तेवढा पडून जाते. नंतर नळ आले, मग हॉटेलं, शॉवर, फ्लश, आणि ते सगळं पाणी खालच्या कच्च्या गाळाच्या खडकात मुरायला लागलं. बुरुजांचे भाग ढासळले. 1996 मध्येच हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत गेला होता, 2013 ला राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या वारशात आला, पण पाणी मुरायचं त्यानं थोडंच थांबते.

प्रल्हादकाका तोवर गप्प होते. ते म्हणाले, "माह्या घराचा पाया काळ्या मातीत हाये. पानी मुरलं का माती फुगते, सुकली का भेगा. दोन पिढ्याईपासून तडे बुजून राह्यलो आमी. मुरलेलं पानी कोनाले सोडत नाही बाप्पा."

सुध्या लगेच, "मंग सगळ्याईलेच काढा ना बाहेर, झगडाच मिटला."

इथं माझं डोकं तापलं. आपला गाविलगड पाहा म्हटलं, 1803 ला इंग्रजांनी घेतला, आज आत वस्ती नाही, तटातून झाडं निघाली, तडा गेला तर पाहणारं कोण आहे? जैसलमेरात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसाला कोणती नाली तुंबते ते ठाऊक असते. ती घरं राहिलीच पाहिजेत. जायचं तर हॉटेलांनी खाली जावं.

"हॉटेलवाले का बाहेरचेच हायेत? त्याईनं खावं काय?" गजूचा हा प्रश्न खरा होता आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. उंटांच्या काफिल्यांवर ते शहर मोठं झालं, पटवांच्या हवेल्या त्याच व्यापाराच्या पैशातून उभ्या राहिल्या. मग माल समुद्रानं मुंबईकडून जायला लागला, 1947 ला पलीकडची वाटच बंद झाली, आता पर्यटकच राहिला. पण म्हणूनच सांगतो ना, पैसा तिथंच खर्च कर, जेव, खरेदी कर, वर गाईड घे, फक्त रात्रीची आंघोळ किल्ल्याच्या डोक्यावर नको.

मग विषय पाण्यावरून खडीनवर गेला आणि सगळे शेतकरी जागे झाले. पालीवाल ब्राह्मणांनी रूढ केलेली पद्धत आहे ही, उताराच्या शेवटी मातीचा लांब बांध घालायचा, खडकाळ माळावरून वाहून आलेलं पाणी अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा. एवढ्याशा पावसात गहू! त्यांचं कुलधरा गाव ओसाड पडलं, पण खडीन त्या भागात अजून पिकतात. मला तर किल्ल्याइतकंच ते मोठं वाटलं, एकाच जागी माणसानं पाणी मुरवून पीक काढलं आणि मुरवूनच किल्ला खिळखिळा केला.

गजूनं बुकिंग अजून केलं नाही. काका उठता उठता त्याला म्हणाले, "किल्ल्याचे फोटो यानं दाखवले, तू खडीनचा आन. बांध किती उंच हाये अन् सांडवा कुठून काढला, ते नीट पाहून ये."