‘नशा करणाऱ्या आईचं मूल बिघडणारच’: उंदरांवरचे प्रयोग असं सांगत नाहीत

सध्या फिरणारा दावा असा: गरोदरपणी आईने कोकेन वा हेरॉइन घेतलं की मूल व्यसनी म्हणूनच जन्मतं, त्याचा मेंदू कायमचा बिघडतो, ते कुणीही वाढवलं तरी फरक पडत नाही, आणि हे उंदरांवर सिद्ध झालंय.

आधी उंदीर. गाभण मादीला कोकेन टोचलं, पिल्लं तिच्याकडेच वाढली आणि मोठेपणी वेगळी वागली, तर कारण कोणतं? गर्भात पोचलेलं कोकेन, की कोकेनमुळे बदललेलं आईचं वागणं? पिल्लं उचलून घरट्यात आणणं, अंगाखाली घेऊन पाजणं यातही फरक पडू शकतो. म्हणून जन्मताच पिल्लांची अदलाबदल करतात. कोकेन पोचलेली आणि न पोचलेली पिल्लं, दोन्ही प्रकारच्या माद्यांकडे: असे चार गट. शिवाय कोकेनने भूक मरते, तेव्हा कोकेन न देता तेवढंच कमी खाणं मिळणाऱ्या माद्यांचा गट वेगळा लागतो. नाहीतर उपासमारीचा परिणाम कोकेनच्या नावावर जमा होतो. आणि एका वेतातली दहा पिल्लं म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. एका चाचणीला एका वेतातून एक नर, एक मादी, बस्स. यातलं काही वगळलेला प्रयोग कितीही ठाम दिसो, त्याच्या निष्कर्षावर भिस्त ठेवता येत नाही; आणि पिल्लांची अदलाबदलच केली नसेल, तर वाढवणुकीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

‘जन्मतः व्यसनी’ हे तर चूकच. हेरॉइनसारख्या द्रव्यांचा पुरवठा नाळेबरोबर तुटला की बाळ थरथरतं, किंचाळतं, दूध नीट ओढत नाही. ही शारीरिक लक्षणं आहेत, त्यांवर उपचार होतात. नुकसान होत असूनही नशेमागे धावणं म्हणजे व्यसन. नवजात बाळ ते करूच शकत नाही.

‘कुणीही वाढवलं तरी’? अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या अभ्यासात (२००४) गर्भात कोकेन पोचलेली, पण नात्याबाहेरच्या, सांभाळ करणाऱ्या (फोस्टर) वा दत्तक घेणाऱ्या घरांत वाढणारी मुलं चौथ्या वर्षी एकूण बुद्ध्यंकात कोकेन न पोचलेल्या मुलांच्या बरोबरीने होती. त्या घरांत मुलांना चालना जास्त मिळत होती. इस्राएलमध्ये हेरॉइन घेणाऱ्या मातांची लहानपणीच दत्तक गेलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत घरी राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली. चित्त एकाग्र न होण्याची तक्रार मात्र त्यांच्यातही राहिली. म्हणजे परिणाम शून्य नाही, आणि अटळही नाही.

कोकेनची मूळ भीती १९८५च्या, अवघ्या २३ स्त्रियांवरच्या शोधनिबंधापासून पसरली. २००१मध्ये ३६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत तंबाखू, दारू, गांजा आणि घरची परिस्थिती यांपासून वेगळा काढता येईल असा खात्रीलायक कोकेन-परिणाम सापडला नाही.

दाव्यात दारूचा उल्लेखच नाही, हे विचित्र. गर्भाच्या मेंदूला तिच्यापासून होणारी इजा कोकेनपेक्षा कितीतरी पक्की सिद्ध झालेली आहे. तरी तिथेही, गर्भात दारू पोचलेल्या पण खेळायला वस्तू आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांची चालण्याची ढब आणि पाण्यातल्या चक्रव्यूहातली (पोहत वाट शोधण्याच्या चाचणीतली) कामगिरी सुधारली.