चकचकीत म्हणजे ओरिजिनल नव्हे!

डोकं फिरलंय माझं. जुन्या गाडीच्या इंजिनावरचा एखादा ब्रॅकेट किंवा बोल्ट मूळचा कसा होता, एवढं साधं विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात, आणि तीही अशा थाटात की जणू कारखान्यात हे स्वतः उभे होते. पुरावा मागितला की दुसऱ्या कुठल्यातरी रिस्टोर केलेल्या, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा मूळ रूपात आणलेल्या, गाडीचा फोटो! त्या गाडीवाल्यानं कुठून उचललं? तिसऱ्या रिस्टोर केलेल्या गाडीवरून. एकाची चूक पुढचे सगळे गिरवतायत आणि तीच आता 'ओरिजिनल' झाली आहे.

साठच्या दशकातलं शेव्हरलेचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घ्या. इंजिन जोडून झाल्यावर त्यावर नारिंगी रंगाचा फवारा मारायचे. त्यामुळे बोल्टच्या डोक्यांवर रंग, गॅस्केटच्या (सांध्यात बसवलेल्या पट्टीच्या) कडांवर रंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरही) थोडा उडालेला, जो गाडी चालली की जळून जायचा. आणि आमचे लोक काय करतात? एकेक भाग सुटा रंगवतात, बोल्ट घासून आरशासारखे करतात आणि वर म्हणतात, कारखान्यातून अशीच आली होती. नाही आली!

प्लेटिंगचा, म्हणजे भागावर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवण्याचा, तर वैताग आहे नुसता. पूर्वी वापरायचे तो कॅडमियम धातू विषारी, म्हणून बहुतेक ठिकाणी आता करत नाहीत, हे समजू शकतो. मग झिंक केलंय असं सरळ सांगा ना! झिंकचा भाग पिवळ्या क्रोमेटमध्ये (सोनेरी झाक देणाऱ्या रसायनात) बुचकळायचा आणि कॅडमियम म्हणून हातात ठेवायचा, ही फसवणूक आहे.

खरं उत्तर बहुतेक वेळा त्या भागावरच असतं. क्लॅम्पच्या खाली, वॉशरच्या मागे, जिथे ऊन-पाणी-तेल पोचलं नाही तिथे. माझ्या थ्रॉटलच्या ब्रॅकेटवर क्लॅम्पखाली बोटभर पट्टा शाबूत होता: सोनेरी, तिरपा धरला की हिरवट-गुलाबी झाक मारणारा. प्लेटिंगवाल्याला तो पट्टा दाखवला, आधी याच्याशी शेड जुळवा, तोवर ब्लास्टिंग (वाळूचा जोरात मारा करून घासणं) करू नका, असं बजावलं, चिठ्ठीसुद्धा बांधली. पठ्ठ्यानं पहिलं काम काय केलं तर सगळा ब्रॅकेट सँडब्लास्ट! इतकी वर्षं टिकलेला पुरावा पाच मिनिटांत साफ. विचारलं तर म्हणतो, "घाण होती, काढली." आणि बिलात त्या सफाईचे पैसे वेगळे लावलेत!