गॉर्डन स्मिथचं ‘नशीब’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्कॉटलंडचा फुटबॉलपटू गॉर्डन स्मिथ याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा नुसते आभार मानून सटकणं बरं दिसणार नाही. तुमचा मुद्दा थोडक्यात असा: हिब्ज (हिबर्नियन) आणि हार्ट्स हे एडिनबराचे दोन प्रतिस्पर्धी क्लब, आणि डंडी, अशा तीन क्लबांकडून स्कॉटिश लीग जिंकणं हा निव्वळ योगायोग, स्मिथ म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. देशाकडून सामने २०च्याही आत, आणि युरोपात हाती शून्य.

हार्ट्सपुरतं तुमचं म्हणणं मान्य. १९५८ साली ते त्याच्याशिवायच लीग जिंकले होते, १९६०ला तो त्यांच्या सोबत होता इतकंच. पण हिब्जचं बीळ कोणी खणलं? १९४१ साली हा पोरगा १६ वर्षांचा असताना हिब्जकडून पहिला सामना खेळला, तोही हार्ट्सशी, आणि हॅटट्रिक मारून मोकळा झाला. १९०३ नंतर हिब्जनं लीग जिंकली ती थेट १९४८ला, मग १९५१ आणि १९५२ला. ‘फेमस फाइव्ह’ म्हणून गाजलेल्या हिब्जच्या पाच आघाडीवीरांमधला उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारा, तोच. १९५३ला रेंजर्सशी गुण सारखे झाले आणि गोल सरासरीवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) लीग गेली. आजच्यासारखा गोलफरक (केलेले वजा खाल्लेले) मोजला असता, तर हिब्ज एका गोलनं पुढे होते! हे नशीब मात्र तुमच्या हिशेबात धरलेलं दिसत नाही.

आता डंडी. ३५व्या वर्षी, घोटा कामातून गेला म्हणून हिब्जनं त्याला सोडून दिलं. हार्ट्सनंही दोन मोसमांनी सोडलं. त्यानंतर तो ज्या डंडीत गेला, त्या क्लबनं तोवर एकदाही लीग जिंकली नव्हती आणि नंतर आजतागायत जिंकलेली नाही. याला तयार संघ कसं म्हणायचं? २८ एप्रिल १९६२, स्कॉटलंडमधल्या पर्थचं म्युरटन पार्क, सेंट जॉनस्टन क्लबचं मैदान. डंडीला एक गुण पुरे होता आणि खालच्या विभागात घसरू नये म्हणून सेंट जॉनस्टनलाही एकच. बरोबरी दोघांच्याही सोयीची होती. डंडीनं ३–० नं सामना मारला: गिलझीनचे दोन, पेनमनचा एक. सेंट जॉनस्टन खाली गेले. स्मिथ तेव्हा ३७चा होता. विंगरचे पाय या वयात कधीच थकलेले असतात.

देशाकडून तो कमी खेळला, खरं आहे. रेंजर्सचा विली वॉडेल त्याच जागेवरचा, आणि निवड समितीची मर्जी हा वेगळा विषय. पण १९५५च्या मे महिन्यात व्हिएन्नात स्कॉटलंडनं ऑस्ट्रियाला ४–१ नं हरवलं त्यात त्याचा गोल आहे. नंतर बुडापेस्टला हंगेरीकडून ३–१ अशी हार झाली, तिथला एकुलता गोलही त्याचाच. पुश्काशच्या हंगेरीविरुद्ध, त्यांच्या घरी.

राहिला युरोप. युरोपियन कपमध्ये, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, त्याचे तिन्ही क्लब हरले कोणाकडून, तेही बघा. हिब्ज १९५६च्या उपांत्य फेरीत फ्रान्सच्या रॅंसकडून. रॅंस अंतिम सामन्यात रेआल माद्रिदशी ४–३ असे हरले. हार्ट्स बेन्फिकाकडून, बेन्फिका १९६१चे विजेते. डंडी १९६३च्या उपांत्य फेरीत मिलानकडून; मिलान त्या वर्षीचे विजेते. स्कॉटिश कप त्याला कधीच मिळाला नाही, हा मुद्दा तुम्ही काढला नाहीत. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.