'धडधड' एक नसते: डिगॉक्सिनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी दवाखाना उघडण्याआधी पुन्हा वाचली. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या डिगॉक्सिनच्या गोळीमुळे तुमच्या आईंचा जीव जायची वेळ आली होती, परदेशात हे औषध कधीच मोडीत निघालंय आणि धडधडीवर 'बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) जातीचं विष' सुचवणारा लेख मी मागे घ्यावा, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. लेखात मी सगळीकडे 'धडधड' हा एकच शब्द वापरला. पेशंटने तो वापरावा, डॉक्टरने लिहिताना नाही. एकाएकी सुरू होणारी, कार्डिओग्रामवर एकसारखी धावणारी दीडशे-दोनशेची धडधड असेल, तर आधी श्वास कोंडून कुंथायला लावतात, नाहीतर ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात. ते काही सेकंदांत काम करतं. डिगॉक्सिनला काही तास लागतात. अधूनमधून येणारं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ताल बिघडून हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरणं, हेही डिगॉक्सिनने मोडत नाही, पुढचा झटका टळत नाही. आणि ज्यांच्या हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट असते, त्यांना फिब्रिलेशनमध्ये हे औषध दिलं तर नेहमीची वाट मंदावते, आडवाट मोकळी राहते आणि जीव जाऊ शकतो. हे लेखात यायलाच हवं होतं.

पण मग हे औषध कुणासाठी? करवीर तालुक्यातल्या एक काकू माझ्याकडे येतात. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली, ताल कायमचा बिघडलेला, म्हणजे फिब्रिलेशन कायमचं. पहिल्यांदा आल्या तेव्हा मनगटावर नाडी 96 लागली, आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले तर ठोके 140. मधले ठोके इतके पोकळ, की हातापर्यंत पोचतच नव्हते. "डाक्टर, काळीज नुसतं फडफडतंय, बसून झोपतोय बघा," म्हणाल्या. अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ लागतो आणि तोच मिळत नव्हता. बीपी इतकं कमी, की इतर गोळ्या वाढवता येईनात. डिगॉक्सिन बीपी पाडत नाही. आठवड्याभरात ठोके 84 वर आले आणि काकू आडव्या झोपू लागल्या. चालताना, कष्ट करताना मात्र ही गोळी कमी पडते, म्हणून पुढे दुसरी थोडी जोडली.

परदेशाचं म्हणाल, तर विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लोव्हवरचं, म्हणजे ज्या डिजिटॅलिस कुळातून डिगॉक्सिन येतं त्यातल्या वनस्पतीवरचं पुस्तक 1785 मध्ये बर्मिंगहॅममध्ये काढलं, आणि 2020 मध्ये त्याच शहरातल्या विद्यापीठाने साठीपुढच्या 160 पेशंटांवर, ज्यांचं फिब्रिलेशन कायमचं होतं त्यांच्यावर, डिगॉक्सिन आणि ठोके मंद करणारी दुसरी गोळी बिसोप्रोलॉल यांची तुलना प्रसिद्ध केली. सहा महिन्यांनी जगण्याच्या गुणवत्तेत फरक दिसला नाही. दुष्परिणाम डिगॉक्सिनवाल्यांत कमी होते. तिथे मोडीत निघालेलं नाही, वापर कमी झालाय, आणि तो व्हायलाच हवा होता.

बिट्टीबद्दल तुमचं बरोबर आहे. तिच्या बीतलं विष हृदयावर याच वाटेने काम करतं. डिगॉक्सिन वेगळ्या झाडाचं, पण औषध आणि विष यांतलं अंतर तिथेही बोटभरच आहे. आईंचं वय 74, मूत्रपिंड अर्धं थकलेलं, लघवीची गोळी रोज चालू, आणि तरीही रोज पाव मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरतं आणि विषबाधा लवकर होते. मूत्रपिंडाला औषध बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं. तीन आठवडे जेवण जाईना, उलट्या झाल्या, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या गेल्या. "दूध पिवळं दिसतंय," असं आई म्हणत होत्या, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. ताई, त्या एका वाक्यावर त्याच दिवशी कार्डिओग्राम आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) व पोटॅशियम व्हायला हवं होतं. नाडी 38 वर यायची वाट बघायची गरज नव्हती. तुमचा राग रास्त आहे.

सध्या त्यांना कोणती गोळी चालू आहे, ते कळलं नाही. ताल कायमचा बिघडलाय की अधूनमधून, एवढं त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा. स्वतःहून काही सुरू किंवा बंद करू नका.

लेख मागे घेत नाही. आज दुपारी तो दुरुस्त करतोय. तुमची हरकत नसेल, तर दुधाचं ते वाक्य त्यात सगळ्यात वर घालायचं आहे. कळवा.