‘हे पाश्चात्यांचं फॅड’ म्हणणाऱ्या काकांना, जरा सविस्तर

नमस्कार काका. (तुम्ही स्वतःच लिहिलंय की रिटायर्ड आहात आणि पंचवटीत राहता, म्हणून काका म्हणतेय, राग मानू नका.) घटस्फोटित बायकांच्या इतिहासावरच्या पोस्टखालची तुमची कमेंट वाचली, तिथेच दोन ओळी लिहून मोकळी होणार होते पण लिहिता लिहिता वाढतच गेलं म्हणून वेगळं टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, काकांचं म्हणणं असं की घटस्फोट हे पाश्चात्यांचं फॅड, आपल्यात लग्न सात जन्मांचं, पूर्वीच्या बायका सोसायच्या म्हणून घरं टिकली, रखमाबाईचं (एकोणिसाव्या शतकात नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन कोर्टात लढल्या त्या, खाली सविस्तर येईल) लग्नसुद्धा शेवटी व्हिक्टोरिया राणीनेच मोडून दिलं म्हणजे बघा हे खूळ आलं कुठून, आणि रामाच्या नाशकात बसून असलं लिहिताना काही वाटत नाही का. वर ‘मॅडम तुमचा स्वतःचा डिव्होर्स झालाय का’ हा प्रश्न फ्री.

त्याचं उत्तर नाही देणार. हो म्हटलं तर म्हणाल स्वतःचं रडगाणं गातेय, नाही म्हटलं तर म्हणाल हिला काय कळणार. रखमाबाईंनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली ती ‘अ हिंदू लेडी’ एवढ्याच सहीने, ते काही उगाच नाही.

आता फॅडचं बघू. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोट, म्हणजे परत लग्न करता येईल असा, हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतःपुरता वेगळा कायदा पास करून घ्यावा लागायचा. खर्च एवढा की लॉर्ड लोकांचंच काम, आणि सगळ्या काळात मिळून असा घटस्फोट मिळवलेल्या बायका किती? चार. शंभर चार नाही, चार. १८५७ ला कायदा झाला तरी नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचार अधिक क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं काहीतरी जोडून दाखवायला लागायचं.

आणि इकडे? मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन, त्याच्या सरकारने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा करायला लावल्या, आर्थर स्टीलचं ते संकलन १८२७ ला आलं, त्यात सोडचिठ्ठी आहे, पाट (म्हणजे बाईचं दुसरं लग्न) आहे, सगळं आहे. बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड व्हायची, पंच बसायचे, सोडचिठ्ठी हातात पडली की बाई पाट लावायला मोकळी. मराठेशाहीत तर पाटावर पाटदाम नावाची पट्टी होती. ज्या गोष्टीवर सरकार पट्टी वसूल करतं ती गोष्ट समाजात नव्हतीच असं कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. संस्कृत आधार हवा असेल तर पराशरस्मृतीत नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला या पाच आपत्तींत बाईला दुसरा नवरा सांगितलाय, आणि कौटिल्य म्हणतो दोघांना एकमेकांचा द्वेष असेल तर मोकळीक (लग्नाचे जे चार ‘धर्म्य’ प्रकार त्यांना नाही, हेही तिथेच आहे, लपवत नाही). हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबसुद्धा हेच सांगत होते की बहुसंख्य हिंदूंमध्ये घटस्फोट रूढीने आहेच, मूठभरांची रीत म्हणजे सगळ्यांचा धर्म नव्हे.

पण लगेच ‘आमच्या पंचायती बघा किती पुढारलेल्या’ असा फॉरवर्ड बनवू नका प्लीज. पाट लागायचा रात्रीचा, अंधारात, सवाशिणी तिकडे फिरकायच्या नाहीत, आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान कधीच नसायचा, देवकार्यात पुढे यायचं नाही, दुसऱ्याच्या हळदीला हात लावायचा नाही. पोरं बापाकडे. पंच दंड घ्यायचे तो वेगळाच. आणि हे जुनं म्हणून सोडून देता येत नाही, जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) मोहीम २०१३ ला आपल्या नाशकातूनच उभी राहिली आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा त्यातून पुढे आला. म्हणजे बाईला बाहेर पडायला दार होतं पण वाकून, मान खाली घालून जावं लागेल असं.

ते दारही अरुंद केलं कुणी, तर इंग्रजांच्या कोर्टाने! हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. १८७६ च्या संभू रघू केसमध्ये मुंबई हायकोर्टाने सांगून टाकलं की लग्न रद्द ठरवायचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. म्हणजे जी बाई पंचांसमोर रीतसर मोकळी होऊन पाट लावून नांदतेय ती साहेबाच्या नजरेत अजून पहिल्याचीच बायको, आणि पाट म्हणजे नवरा असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा. आणि तेवढ्यात आपल्याकडे पण ज्या घरांना चार पैसे मिळाले, पोरं शिकली, त्यांनी पहिलं काय केलं असेल तर पाट बंद केला. ‘आमच्यात पाट लागत नाही’ हे वाक्य मोठेपणाचं झालं. तुम्ही ज्याला सनातन परंपरा म्हणताय ती बऱ्याच घरांत दीडेकशे वर्षांची पण नाही काका, वर चढायच्या नादात शेजारच्या आळीतून उचलून आणलेली आहे.

रखमाबाईंची गोष्ट यातच बसते. आई जयंतीबाई विधवा, त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलेलं, सुतार समाजात ते चालायचं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं, दादाजी भिकाजींशी, पण त्या कधी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ ला दादाजीने केस टाकली की बायको ताब्यात द्या. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला, आणि काय म्हटलं तर बायकोला कोर्टामार्फत नांदायला पाठवायची ही तरतूदच मुळात इंग्लिश आहे, हिंदू कायद्यात तिला आधार नाही. झालं, केसरी पेटला! धर्म बुडाला, शिक्षणाने बायका बिघडल्या, हे सगळं सुरू. परत वाचा ना, साहेब म्हणतोय ही आमच्याकडची आयात आहे, आणि आपले लोक म्हणतायत नाही नाही हाच आमचा धर्म. अपिलात निकाल फिरला, १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि बाई म्हणाल्या तुरुंग चालेल. इंग्लंडने असल्या केसमध्ये तुरुंगात टाकणं १८८४ लाच बंद केलेलं होतं, हे मी प्रत्येक वेळी वाचते आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं.

राणीने लग्न मोडलं ही व्हॉट्सअ‍ॅपवरची आवडती गोष्ट आहे, पण झालं ते असं की जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. बस. दादाजीने दुसरं लग्न केलं, त्याला कोण विचारतंय. रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ ला डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटात आयुष्यभर काम केलं, आणि १९०४ ला दादाजी गेल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली असं सांगतात. ही साडी ना तुमच्या ‘बिघडलेली बाई’मध्ये बसते ना आमच्या ‘बंडखोर नायिका’मध्ये. बरं, ज्या तरतुदीखाली त्यांना ओढलं ती इंग्लंडने १९७० ला काढून टाकली, आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून अजून आहे. त्याच कायद्याच्या कलम २९ ने रूढीची काडीमोडही शाबूत ठेवलीय, गंमत बघा.

‘सोसायच्या म्हणून घरं टिकली’ याबद्दल एकच सांगते. मुंबई इलाख्यात १९४६ चा कायदा येईपर्यंत हिंदू पुरुषाला दुसरी करायला पहिलीला सोडायची गरजच नव्हती. पटलं नाही, आण दुसरी. पहिली माहेरी भावजयीच्या हाताखाली, नाहीतर त्याच घरात मागच्या पडवीत. नवऱ्याने टाकली, नांदत नाही, माहेरी बसलीय, हे सगळं तिच्याच नावावर, आणि घर टिकलं असं म्हणायचं तुम्ही. कायद्यानंतरही ते थांबलं नाही, १९८८ ला इथून दोन तासांवर संगमनेरला परित्यक्ता परिषद भरवावी लागली ती कशासाठी, तर बाईच्या नावाने वेगळं रेशनकार्ड द्या अशा मागण्यांसाठी!

रामाचं नाशिक म्हणालात. इथल्याच बायकांनी जात्यावर सीतेचा वनवास गायलाय काका, आणि त्या ओव्यांत त्या कुणाच्या बाजूने आहेत ते कुठल्याही म्हाताऱ्या आजीला विचारा. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक, नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आपल्या मर्जीने परत गेल्या, दोन्ही वेळा लोकांनी बोलायचं ते बोललेच. आणि १९३१ ला हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा बडोदा संस्थानात करणारे सयाजीराव महाराज कुठले? मालेगावजवळच्या कौळाण्याचे. आपल्या जिल्ह्याचे. मुंबई प्रांताचा कायदा यायला १९४७ उजाडलं, म्हणजे बडोद्यातल्या बाईला जे मिळालं ते महाराजांच्या जन्मगावातल्या बाईला सोळा वर्षं उशिरा.

आणि घटस्फोटित बाईचं आजचं चित्रण म्हणाल तर रविवारचा पेपर उघडा आणि वधू-वर पानावर ‘नाममात्र घटस्फोटित’ आणि ‘निर्दोष घटस्फोटित’ शोधा, भरपूर सापडतील. निर्दोष म्हणजे बाकीच्या दोषी हे गृहीतच आहे ना. माझी मैत्रीण गंगापूर रोडला फ्लॅट बघायला गेली तर एजंट जिन्यातच म्हणाला, मॅडम सिंगल सांगा, डिव्होर्सी नका सांगू, ओनर लोक उगाच विचार करतात. बिचारा मदतच करत होता. तिने डिव्होर्सीच सांगितलं, फ्लॅट गेला.

खोट्या केसेस आणि पोटगीचं तुम्ही लिहिलंय ते इतिहासाच्या पोस्टखाली कशाला आणलंत कळलं नाही. सीबीएसच्या (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडजवळच्या) कोर्टाबाहेर एक दिवस उभे राहा, पोटगीची ऑर्डर हातात असून पैसे मिळत नाहीत म्हणून परत परत तारखेला येणाऱ्या बायका भेटतील, मग बोलू.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा सिन्नरकडे पाटील होते आणि त्यांच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नाही. हे मात्र मला फार कामाचं वाटलं. पाटील म्हणजे गावात पंच बसले की ते बसणारच, त्यामुळे नातवाला सांगितलं नसेल पण कागद असू शकतो. वाड्यात जुनं दप्तर, पेटी काही शिल्लक असेल तर फारकत किंवा सोडचिठ्ठी असं काही आहे का बघा आणि फोटो मेल करा, नावं झाकून टाका. मोडीत असलं तरी चालेल, वाचून देणारे ओळखीचे आहेत.