त्या झाडाच्या डावीकडचं झाड

लांडगा दिसायचा असेल तर आधी झाड दिसावं लागतं. कुठलंही झाड चालत नाही, ‘ते’ झाड. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या लमार खोऱ्यात, ऑक्टोबरातल्या पहाटे, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना ते दिसत होतं. मलाही झाडं दिसत होती. अडचण एवढीच, की त्यातलं कुठलंही झाड ‘ते’ असू शकत होतं.

“भावोजी, समोरचा डोंगर दिसतोय?” मेहुण्याने विचारलं.

“दिसतोय.”

“त्याच्या पायथ्याशी दोन खडक आहेत बघा.”

“तिथे शंभर खडक आहेत.”

“अहो, जोडीने बसल्यासारखे दोन. त्यातल्या उजवीकडच्या खडकावरून सरळ वर जा. वाळलेलं झाड लागेल. त्या झाडाच्या डावीकडचं झाड. आता तिथून जरा खाली उतरा. काळा ठिपका.”

मी वर गेलो, डावीकडे वळलो, जरा खाली उतरलो. ठिपका सापडला! चांगला काळाभोर होता. मी श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिलो.

“काका, तुम्ही बघताय तो बायसन आहे, इथला गवा,” भाची म्हणाली. तिचं वय दहा, आणि तिने हे दुर्बिणीशिवाय सांगितलं.

या वयात पहाटे साडेचारला उठून मी इथे का आलो, त्याचं कारण मेहुणा. त्याच्या मते उन्हाळ्यातलं यलोस्टोन म्हणजे निव्वळ माणसांची जत्रा. प्राणी बघायचे तर पानगळीच्या सुमारास यावं. एल्क, म्हणजे तिथली मोठी हरणं, तेव्हा माजावर आलेली असतात, अस्वलं थंडीआधी खाऊन घ्यायच्या मागे असतात, आणि बर्फ पडून बहुतेक रस्ते बंद व्हायला अजून थोडा अवकाश असतो. हे सगळं खरंच होतं. पण या प्राण्यांची भेटीची वेळ उजाडताना आणि मावळताना असते, आणि दोन हजार मीटर उंचीवरच्या त्या खोऱ्यात त्या वेळी पारा शून्याखाली असतो, हे त्याने तिथे पोचल्यावर सांगितलं. मी चार थर चढवले होते. दुर्बीण डोळ्यांना लावली की श्वासाने काच धुरकट व्हायची. ती पुसायला हातमोजा काढला की बोटं बधिर व्हायची, आणि बोटं खिशात घातली की नेमका कुणीतरी “तो बघा, तो बघा” म्हणायचा.

आल्या दिवशी मी पार्कचे नियम मन लावून वाचले होते. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून निदान 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटर लांब राहायचं. बायसन, एल्क वगैरे मंडळींपासून 25 यार्ड. ते वाचून मी जरा टरकलोच होतो. आपल्या हातून मोजण्यात चूक झाली तर? लांडग्यांनी तशी वेळच येऊ दिली नाही. त्यांनी स्वतःहून अडीच-तीन किलोमीटर अंतर राखलं. उलट पार्कातल्याच मॅमथ हॉट स्प्रिंग्ज वस्तीत एल्क इमारतींमधल्या हिरवळीवर बिनदिक्कत येऊन बसतात, आणि माजाच्या दिवसांत नर एल्क उभ्या गाड्यांनाही शिंगं मारतो. पंचवीस यार्डांचा नियम त्याला कुणी सांगितलेला नसतो. तो ओरडला की मात्र भीती कमी होते. एवढा धिप्पाड प्राणी, डोक्यावर फांद्या फुटलेली शिंगं, आणि तोंडातून निघतं काय, तर वंगण न घातलेलं दार उघडावं तसं केविलवाणं ‘कुंईं’. माद्यांना ते आवडतं म्हणे.

अस्वलासाठी आम्ही स्प्रेही घेतला होता. त्यात मिरचीचा अर्क असतो. तो डासांच्या औषधासारखा अंगाला फासायचा नाही, असं दुकानदाराने बजावून सांगितलं. त्याअर्थी कुणीतरी फासला असणार. त्याचा फवारा साधारण नऊ मीटरपर्यंत जातो. म्हणजे हिशेब असा, की आपण 91 मीटरवर थांबायचं, अस्वलाने मधले 82 मीटर धावत यायचं, आणि मग आपण शांतपणे कमरेचा डबा काढून त्याची पिन ओढायची. हे काम घरातल्या कर्त्या माणसाचं, असं एकमताने ठरलं आणि डबा माझ्या पट्ट्याला लागला.

आता त्या रस्त्यावरच्या जाणत्या मंडळींविषयी. त्यांच्याकडे तिपाईवर चढवलेले भलेमोठे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या दुर्बिणी असतात, घडीच्या खुर्च्या असतात, वॉकी-टॉकी असतात. खोऱ्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला लांडग्यांची खबर देत असतो. ज्या लांडग्यांना संशोधकांनी कॉलर घातलेली असते, त्यांना नाव नसतं. एक आकडा आणि त्यापुढे नर की मादी ते सांगणारं अक्षर. या लोकांना ते सगळे आकडे पाठ. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी तर आमच्या हिला अमुक आकड्याची मुलगी कुठल्या कळपात गेली, तिथल्या थोरल्या मादीशी तिचं कसं पटलं नाही आणि मग काय झालं, हे सगळं इत्थंभूत सांगितलं. हिने तोवर लांडग्यात काडीचा रस दाखवला नव्हता. आता ती “मग तिच्या आईने काय केलं?” असं विचारत होती.

यातल्या बहुतेक घराण्यांचं मूळ कॅनडात. यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे 1926 मध्ये मारले गेले, आणि तेही पार्कच्याच रेंजर लोकांकडून. तेव्हा लांडगा मारणं हे पुण्यकर्म समजलं जायचं. मग जवळजवळ सत्तर वर्षं खोरं मोकळं. एल्क वाढत गेले. शेवटी 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे पकडून, सरकारी खर्चाने, विमानाने आणि गाडीने इथे आणून सोडले. आले ते कायमचे राहिले. ही हकिगत मी मेहुण्याला मोठ्या उत्साहाने सांगितली. त्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. तो काही बोलला नाही.

तर ते झाड. हिने दुर्बीण हातात घेतली, चार-पाच सेकंद समोर धरली, “अय्या, किती गोड!” म्हणाली, दुर्बीण परत दिली आणि हीटर लावलेल्या गाडीत जाऊन बसली. दुर्बिणीची झाकणं दोन्ही बाजूंनी लावलेलीच होती, हे फक्त मला ठाऊक. मलाही तसं करता आलं असतं. पण न दिसलेला लांडगा दिसला म्हणायला माझी जीभ रेटेना. “नाही दिसला,” असं मी स्पष्ट सांगितलं, आणि तिथून माझी दशा सुरू झाली.

तिथली माणसं फार भली. एक माणूस लांडगा न बघता परत जाणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. एका उंच म्हाताऱ्याने स्वतःचा स्कोप माझ्यासाठी खाली केला. दुसऱ्याने तो पुन्हा नेम धरून लावून दिला. मी वाकलो. मला डोळा मिटता येतो, पण दोन्ही मिळून. एकटा डावा मिटता येत नाही. म्हणून हातमोज्याने तो दाबून धरला, तर कोपर तिपाईला लागून स्कोप हलला. साठपट मोठं दाखवणाऱ्या नळीत कोपराचा एवढासा धक्का म्हणजे पलीकडे अख्खा डोंगर सरकतो. मला आभाळ दिसलं. ते चांगलं होतं, तसं मी सांगितलंही. पुन्हा नेम. पुन्हा मी वाकलो. “सेजब्रशच्या झुडपामागे गेला बघा, आत्ता होता,” म्हातारा कळवळून म्हणाला. वॉकी-टॉकीवर बहुधा माझीच खबर चालली होती, कारण पलीकडच्या थांब्यावरून दोघं जण खास माझ्यासाठी आणखी मोठा स्कोप घेऊन आले. हिने गाडीची काच खाली केली आणि मराठीत म्हणाली, “अहो, दिसला म्हणून टाका ना. किती माणसं खोळंबलीत!”

ऊन वर आल्यावर शेवटी मला तो दिसला. चार होते: तीन करडे, एक काळा. झोपले होते. रात्री त्यांनी एल्क मारला होता, आणि भुकेला लांडगा एका बैठकीत आठ-नऊ किलो मांस रिचवतो. त्यानंतर कुणीही झोपेल. थोडं खाली उरलेल्या सांगाड्यावर कावळ्यांचे मोठे भाऊबंद, रेव्हन, उडत बसत होते. मी बघत राहिलो. दहा मिनिटांनी काळ्याने कूस बदलली. त्याबरोबर रस्त्यावर जे काही झालं, ते विजयी धाव काढल्यावरच मी पूर्वी ऐकलं होतं. आजीबाईंनी वहीत वेळ टिपली. वॉकी-टॉकीवरून बातमी खोरंभर गेली: कूस बदलली, डावीकडून उजवीकडे.

अस्वलाने एवढा छळ केला नाही. ते दुसऱ्या दिवशी भेटलं, डनरेव्हन पास या खिंडीच्या रस्त्यावर, सुमारे 2,700 मीटर उंचीवर. तिथे झाड शोधावं लागत नाही, गाड्या दिसतात. रस्त्यात आडव्यातिडव्या सोडलेल्या गाड्या, उघडी दारं, कुणीच आत नाही. याला तिथे ‘बेअर जॅम’ म्हणतात, आणि एक रेंजर बिचारा तो सोडवत असतो. नोकरी वन्यजीवांची, पण दिवसभर त्याचं तोंड आमच्याकडे आणि पाठ अस्वलाकडे.

दीडशे-दोनशे मीटरवर ते जमीन उकरत होतं. भाचीने खांद्यावरचा उंचवटा दाखवून ते ग्रिझली जातीचं असल्याचं जाहीर केलं. रंगावर जायचं नाही, कारण ‘काळं अस्वल’ नावाची दुसरी जात तपकिरीही असते, असंही तिने सांगितलं. मी मान डोलावली. तिच्याशी वाद घालायचं मी बायसनपासून सोडलं होतं. ते उकरत होतं व्हाइटबार्क पाइन नावाच्या झाडाच्या बियांसाठी. त्या भरपूर तेलकट असतात. खारी त्या झाडाची फळं कुरतडून पाडतात आणि हिवाळ्याच्या बेगमीला पुरून ठेवतात. ग्रिझली येतं आणि खारीचं अख्खं कोठार उपसून खातं. बाजूच्या फांदीवर खार जिवाच्या आकांताने शिव्या देत होती. मूठभर जीव आणि दरोडेखोर दोनशे किलोचा. आम्ही पंचवीस-तीस साक्षीदार, पण कुणी मध्ये पडलं नाही.

शरदात अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं, मग सुमारे पाच महिने गुहेत पडून राहतं: खाणं नाही, पिणं नाही, बाहेरही जाणं नाही. डॉक्टरांनी मला वजनावरून नुकतंच झापलेलं असल्याने मी ही माहिती फार आदराने ऐकली. मादीला पिल्लंही ऐन हिवाळ्यात, त्या गुहेतच होतात. “आणि नर?” हिने विचारलं. नर दुसरीकडे स्वतःच्या गुहेत झोपलेला असतो, असं मेहुण्याने सांगितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मी अस्वलाकडे बघितलं.

एके काळी हे सगळं सोपं होतं. हॉटेलांचा कचरा जिथे ओतत, तिथे प्रेक्षकांसाठी बाकं मांडलेली असायची. संध्याकाळी अस्वलं जेवायला यायची आणि लोक बसून बघायचे. मला ही व्यवस्था ऐकताक्षणी पटली. पण त्यातून अस्वलं माणसांच्या खाण्याला सोकावली, माणसं जखमी झाली आणि अस्वलांना गोळ्या घालाव्या लागल्या. 1970 च्या सुमारास शेवटचे उकिरडेही बंद झाले. 1975 मध्ये ग्रिझलींना कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं, इतकी ती कमी उरली होती. आज त्या सगळ्या टापूत मिळून ती हजाराच्या घरात आहेत. तेव्हा बाकांची मागणी मी मागे घेतो. खुर्चीची नाही.

परत आल्यावर रात्री हिने बहिणीला फोन लावला. मी शेजारीच स्प्रेचा डबा हातात घेऊन बसलो होतो. विमानात तो नेता येत नाही आणि कुणी घेतही नव्हतं.

“अगं, चार होते! तीन करडे, एक काळा. काळा इतका रुबाबदार, त्याने अशी सावकाश कूस बदलली ना, अंगावर काटा आला माझ्या. डावीकडून उजवीकडे. आणि त्याची एक बहीण आहे, तिची तर मोठीच कर्मकथा, सांगते तुला नंतर. काय? ह्यांना ना? ह्यांना नको विचारू. ह्यांना नीट दिसलंच नाही.”